गुडघा दुखतोय, मग नडगी का कापायची? (अण्णांचं ऑपरेशन, सोलापूर)

पूर्वभाग
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण चार दिवस घरात दुसरा विषय नाही.

माझे थोरले भाऊ, आम्ही अण्णा म्हणतो, वय ४९. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत, पंचवीस वर्षं झाली. पाळी बारा तासांची आणि सगळी उभ्यानं. माग सांभाळायचे म्हणजे दोन रांगांमधल्या बोळात सतत येरझारा. उजवा गुडघा तीन वर्षांपासून आतल्या बाजूनं दुखतो. दिवाळीपासून जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय जमत नाही. पाय पहिल्यापासून थोडे धनुष्यासारखे. घोटे जुळवून उभे राहिले की दोन गुडघ्यांमधून माझी चार बोटं सहज जातात. चपलेची बाहेरची कड झिजून तिरकी होते, आतली तशीच राहते.

मागच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढायला लावला. त्यावर पट्टीनं एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "गुडघा बदलायची घाई नको. नडगीचं हाड वरच्या टोकाला कापून पाय सरळ करू, प्लेट बसवू."

रिक्षात बसल्यावर अण्णा म्हणाले, "गुडघा दुखूलालाय अन् हे नडगी कापतो म्हणूलालेत. कसं काय ओ?" मला उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचं ते हे. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर हाड कापून गुडघ्याच्या आतला दाब कमी कसा होतो? खरंच होतो का? कुणी करून घेतलंय का? आणि चांगलं हाड कापायचं या विचारानं आईला झोप नाही, तिला काय सांगू?

कडकभाकरी
आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले, आता तुळजापूरला जाऊन आल्या. एकदाच काय ते बदलून टाका, कापाकापी दोनदा कशाला?

ओळंबा
कडकभाकरी, सासूबाईंचं वय काय होतं? अण्णा ४९ वर्षांचे आहेत आणि अजून दहा-बारा वर्षं उभ्यानं काम करायचंय. कृत्रिम गुडघा झिजतो, आणि तो दुसऱ्यांदा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड. त्या डॉक्टरांनी घाई नको म्हटलं ते त्यासाठीच असणार.

पूर्वभाग, मी बांधकामातला माणूस. हेच ऑपरेशन माझ्या डाव्या पायाचं सहा वर्षांपूर्वी झालं, तेव्हा मी ५१ वर्षांचा होतो. डॉक्टर बरोबर सांगत होते, पण मला कळलं ते माझ्या भाषेत मांडल्यावर. तसंच सांगतो.

खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओळंबा सोडल्यासारखी रेघ धरा. अंगाचा भार ढोबळमानानं या रेघेनं खाली उतरतो. सरळ पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मध्यातून, किंचित आतून जाते. तरीही साध्या चालण्यात गुडघ्यावर येणाऱ्या भारापैकी ६० ते ७० टक्के भार आतलीच बाजू घेते, कारण एक पाय उचलला की सगळं धड दुसऱ्या पायाच्या आतल्या अंगाला असतं. आणि हा भार नुसता आपल्या वजनाएवढा नसतो. स्नायू सांध्याला आवळून धरतात, त्यांची ओढ मिळवली की चालताना तो वजनाच्या दोन ते तीन पट होतो. जिन्यावर आणखी.

अण्णांचं वजन ८० किलो धरलं आणि अडीच पट धरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर २०० किलो. त्यातले १२०-१४० किलो आतल्या बाजूवर. हे सरळ पायाचं झालं. धनुष्यासारख्या पायात रेघ आत सरकते, कधी गुडघ्याच्या बाहेरूनच आतल्या अंगानं जाते, आणि आतल्या बाजूचा वाटा वाढतो. इमारतीच्या पायात फुटिंगवर, म्हणजे खांबाखालच्या रुंद बैठकीवर, कॉलम मधोमध न येता कडेला आला तर काय होतं? त्या कडेखालची माती दबते, फुटिंग कलतं, कललं की भार आणखी कडेला जातो. गुडघ्यातही तेच चक्र. आतली गादी, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, झिजली की पाय आणखी वाकतो, वाकला की गादी आणखी झिजते.

त्यात एक गोष्ट लोक विसरतात. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. गुडघ्यात दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारख्या चकत्या असतात, त्या भार पसरवून देतात. आतली चकती फाटली किंवा सरकली की तोच भार लहान जागेवर येतो. भार वाढला नाही तरी दाब वाढतो.

आता नडगी. आतल्या बाजूनं हाडात तिरका काप घेतात. तो आरपार नेत नाहीत, बाहेरच्या कडेला सेंटिमीटरभर हाड बिजागरीसारखं राखतात. मग आतली फट हळूहळू उघडतात. माझी १० मिलिमीटर उघडली होती. फट उघडली की खालचा पाय बाहेर सरकतो, घोटा बाहेर गेला की रेघही गुडघ्यात बाहेर सरकते. गुडघ्याच्या सांध्याला हातही न लावता भाराची वाट बदलली. म्हणून नडगी कापायची. वाकडेपणा बऱ्याचदा नडगीच्या वरच्या टोकातच असतो, हेही एक कारण.

आईंना एवढंच सांगा, भिंत ओळंब्यात नसेल तर गिलावा कितीदा करणार?

अस्थिशल्य
ओळंबा यांनी छान मांडलंय. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, पेशंट न पाहता सल्ला देणार नाही, पण दाबाबद्दल दोन-तीन गोष्टी जोडतो. "रेघ बाहेर गेली की दाब गेला" इतकं ते सरळ नाही.

आधी थोडं मागचं. हे ऑपरेशन नवीन नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्री यांनी १९६५ मध्ये बाहेरच्या बाजूनं हाडाची पाचर काढून फट मिटवायची पद्धत मांडली. तिच्यात फिबुलाची, म्हणजे पोटरीतल्या बारीक हाडाची, सोय करावी लागते आणि त्याला वळसा घालून जाणारी नस जपावी लागते. आता बहुतेक ठिकाणी आतल्या बाजूनं फट उघडतात आणि प्लेटमध्येच आटे बसणारे स्क्रू वापरतात. ती प्लेट फट धरून ठेवते, म्हणून पेशंट लवकर उभा राहतो.

रेघ कुठे न्यायची? जपानच्या फुजिसावा यांचं १९७९ चं काम आजही आधाराला घेतात. नडगीच्या माथ्याची रुंदी आतल्या कडेपासून मोजली तर ६२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मध्याच्या जरा पलीकडे. आता बरेच सर्जन पेशंटच्या गादीची अवस्था पाहून ५५ ते ६० टक्क्यांवरही थांबतात. रेघ जास्त सरकवली तर बाहेरची बाजू भरडते, कमी सरकवली तर आतली दुखत राहते. उघडायची फट मिलिमीटरमध्ये मोजली जाते ती यासाठी.

आता महत्त्वाचं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक रुंद पट्टा, लिगामेंट, मांडीच्या हाडापासून नडगीवर बराच खाली येऊन चिकटतो. आपण फट उघडतो ती नेमकी त्या पट्ट्याच्या आड, तो चिकटतो त्या जागेच्या वर. हाड लांबलं, पट्टा तेवढाच, म्हणजे तो ताणला जातो, आणि ताणलेला पट्टा मांडीचं हाड आतल्या बाजूनंच नडगीवर दाबून धरतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मृतदेहांच्या गुडघ्यांत दाब मोजणारी पातळ फिल्म बसवून हे पाहिलं होतं. हाड सरळ केलं, रेघ बाहेर गेली, तरी आतल्या बाजूचा दाब उतरेना. पट्ट्याचे खालचे तंतू पूर्ण सोडवले तेव्हा उतरला. म्हणून चांगला सर्जन फट उघडण्याआधी तो पट्टा हाडावरून सोडवून घेतो. माझ्या शिकाऊ दिवसांत हा मुद्दा मला कुणी इतक्या स्पष्ट सांगितला नव्हता आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

दुसरं, गुडघ्याची वाटी. वाटीचा दोर नडगीच्या पुढच्या उंचवट्याला बांधलेला असतो. फट त्या उंचवट्याच्या वर उघडली की उंचवटा सांध्यापासून लांब जातो, वाटी खाली ओढली जाते, आणि वाटीमागचा दाब वाढतो. एक बाजू हलकी केली आणि तिसरीच जागा जड झाली असं होऊ शकतं. अण्णांची वाटी आधीच घासलेली असेल आणि फट मोठी लागणार असेल, तर उंचवटा वरच्या तुकड्याबरोबर राहील असा काप घेता येतो. हे विचारून घ्या.

तिसरं, बाजूनं पाहिलं तर नडगीचा माथा मागे थोडा उतरता असतो. फट पुढून जास्त उघडली की हा उतार वाढतो, नडगी पुढे सरकू पाहते आणि सांध्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटवर ताण येतो.

पूर्वभाग, अण्णांचा गुडघा पूर्ण सरळ होतो का? मांडी घालता येते का? बाहेरच्या बाजूला दुखतं का? संधिवाताचा, म्हणजे सकाळी तासभर सगळे सांधे आखडतात त्या प्रकारचा त्रास आहे का? आणि विडी-तंबाखू?

पूर्वभाग
डॉक्टरसाहेब, ओळंबा, दोघांचे मनापासून आभार. तुमचे दोन्ही प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले, फुटिंगचं ऐकून ते दोनदा "व्हय" म्हणाले.

गुडघा पूर्ण सरळ होतो. मांडी घालतात, पण उठताना हात टेकावा लागतो. बाहेरच्या बाजूला काही नाही. सगळे सांधे आखडणं वगैरे नाही. विडी रोज दहा-बारा. घरात वहिनी विड्या वळतात, त्यामुळे कधी कमी पडली नाही.

अजून एक. कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलाय, त्यात फिबुलाचा लहान तुकडा काढून टाकला की पेशंट दुसऱ्या दिवशी चालतो असं दाखवलंय. प्लेट नाही, स्क्रू नाही, खर्च कमी. ते का नाही करायचं?

अस्थिशल्य
विडी आज बंद. हे मी फार कळकळीनं सांगतोय. फट उघडल्यावर ती जागा नव्या हाडानं भरायची असते आणि धूम्रपान करणाऱ्यांत हाड भरायला वेळ लागतो, कधी भरतच नाही. तोवर सगळा भार प्लेटवर. मी स्वतः विडी सुटल्याशिवाय तारीख देत नाही.

फिबुलाचं: ही कल्पना चीनमधून आली, २०१५ च्या सुमारास गाजली. त्यामागचा तर्क असा की नडगीला बाहेरच्या बाजूनं फिबुलाचा टेकू आहे, आतून नाही, म्हणून वयानुसार आतली बाजू जास्त खचते. टेकू काढला की दोन्ही बाजू समान होतील. फिबुलाच्या डोक्याखाली ६ ते १० सेंटिमीटरवर एक-दोन सेंटिमीटरचा तुकडा काढतात. काही पेशंटना दुखणं कमी होतं हे खरं. पण पायाचा वाकडेपणा त्यानं सरळ होत नाही, आणि त्या जागी अंगठा वर उचलणारी नस दुखावण्याचा धोका असतो. दुसऱ्या दिवशी चालणं दिसायला छान दिसतं. ४९ वर्षांच्या, धनुष्यासारखे पाय असलेल्या, उभ्यानं काम करणाऱ्या माणसाला मी ते सुचवणार नाही.

सिद्धरामाची_पायरी
मी दोन दिवस लिहू की नको करत होते. ऑपरेशन वाईट आहे असं म्हणायचं नाही, पण आमच्याकडे जे झालं ते अण्णांच्या उपयोगी पडेल.

माझी आई विडी कामगार. आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून, मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. वय ५४ असताना तिच्या डाव्या नडगीचं हेच ऑपरेशन झालं. कुठे ते लिहीत नाही. तिचा लांब एक्स-रे काढलाच नव्हता. झोपवून नुसत्या गुडघ्याची छोटी फिल्म काढली आणि त्यावरूनच ठरवलं. तेव्हा आम्हाला काय माहीत, दुखतंय ते गुडघ्यात, फिल्मही गुडघ्याची.

पहिले सहा महिने आई खूश होती. आतलं दुखणं पार गेलं. मग मला तिची चप्पल दिसली. आधी तिच्या डाव्या चपलेची टाच बाहेरून झिजायची. आता नवी चप्पल आतून झिजत होती. दोन्ही पाय जोडून उभी राहिली की गुडघे एकमेकांना लागत आणि घोट्यांमध्ये अंतर पडे. वर्षभरात बाहेरची बाजू दुखायला लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी लांब फिल्म काढली तेव्हा कळलं, रेघ फार बाहेर गेलीय. एका बाजूचं ओझं काढून सगळं दुसऱ्या बाजूवर टाकलं होतं. शेवटी ६१ व्या वर्षी तिचा गुडघा बदलावा लागला. आधीच्या ऑपरेशनमुळे ते थोडं किचकट झालं, पण झालं, आता बरी आहे.

आईला मी विचारलं, तुला राग येतो का? ती म्हणाली, "मोजलं नाही गं त्यांनी." विडी वळणाऱ्या बाईला मोजणं कळतं. हजारात पाच कमी भरल्या तरी कारखान्यात परत येतात.

पूर्वभाग, तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लांब फिल्म काढून रेघ ओढली. मला तेवढ्यावरूनच त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

अस्थिशल्य
ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये भार नसतो, त्यामुळे सांध्याची फट खोटी रुंद दिसते आणि खुबा-घोटा तर दिसतच नाहीत. रेघ ओढायला दोन टोकं लागतात. उभ्यानं, वाटी समोर ठेवून काढलेली लांब फिल्म नसेल तर हे ऑपरेशन करू नये.

भुईकोट
थोडं अवांतर. माझ्या धाकट्या भावाची नडगी बाइकवरून पडून मोडली होती, वाकडी जुळलीय. त्यालाही गुडघ्याचा असाच त्रास होईल का?

अस्थिशल्य
कुठे मोडली यावर आहे. बाक गुडघ्याजवळ असेल तर गुडघ्यातल्या भाराची वाटणी जास्त बिघडते, घोट्याजवळ असेल तर त्रास घोट्याला जास्त होतो. बाक किती आणि कोणत्या दिशेला तेही बघावं लागतं. लांब फिल्म काढा, नवीन धागा काढा, इथे अण्णांचं चालू द्या.

चालतं_बोलतं
मी फिजिओथेरपिस्ट, जुळे सोलापूर भागात काम करते. ऑपरेशननंतरच्या दाबाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पहिले काही आठवडे पायावर किती भार टाकायचा ते सर्जन सांगतील, कुणाला पूर्ण, कुणाला थोडाच. "थोडाच" म्हणजे किती हे पेशंटला कळत नाही. मी घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवते, त्यावर ऑपरेशनचा पाय ठेवायला लावते, आणि काटा वीसवर आला की म्हणते, हे वीस किलो, हे लक्षात ठेवा. दोन-तीनदा केलं की पायाला कळतं.

पुढे काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. निम्मे लोक उलट धरतात. विरुद्ध हातातली काठी धडाचा तोल सावरते, त्यामुळे आतल्या बाजूवरचा भार खरोखर कमी होतो.

मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या दिवसापासून आवळायचा, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची. अण्णांच्या घरी टॉवेलला तोटा नसणार.

उकिडवं बसणं, खाली बसून उठणं यात वाटीमागचा दाब सगळ्यात जास्त वाढतो. डॉक्टरांनी वर वाटीचं लिहिलंय ते लक्षात घेऊन संडासात कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

आणि वजन. चालताना १ किलो वजन उतरलं तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला जवळपास ४ किलोनं उतरतो, असं वजन घटवलेल्या गुडघेदुखीच्या पेशंटवरच मोजलेलं आहे. अण्णांनी पाच किलो उतरवले तर पावलाला वीस किलो. बारा तासांच्या पाळीत पावलं किती, हिशेब तुम्हीच करा.

कडकभाकरी
माझा पहिला प्रतिसाद मागे घेते. सासूबाई ७० च्या होत्या, दोन्ही बाजू झिजलेल्या. त्यांचं वेगळं होतं.

ओळंबा
पूर्वभाग, पैशाचं विचारलं नाहीत पण मनात असणार. फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा, रेशनकार्ड बरोबर न्या. आणि कामावर जायचं म्हणाल तर मी बसून करायच्या कामाला दोन महिन्यांत गेलो, साइटवर जिने चढायला साडेचार महिने लागले. यंत्रमागावर उभं राहायला अण्णांना चार महिने तरी धरा. प्लेट मला थंडीत बोचायची, दीड वर्षानं काढून टाकली.

पूर्वभाग
मंडळी, उशिरा लिहितोय, क्षमस्व.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. या धाग्यातले प्रश्न वहिनींनी वहीच्या पानावर उतरवून नेले होते. डॉक्टरांनी पान हातात घेऊन एकेक वाचलं. पट्टा सोडवणार का? हो, आधी तोच सोडवतात. वाटी? एमआरआयमध्ये वाटीमागची गादी ठीक आहे, फट ९ मिलिमीटरच्या आसपास लागेल, त्यामुळे काळजी कमी, पण काप तसाच खालपर्यंत घेतील. रेघ कुठे? फिल्मवर त्यांनी आधीच टिंब काढलं होतं, मध्याच्या थोडं पलीकडे. मग आईला जवळ बोलावून तिच्यासमोर पुठ्ठ्याचा पाय कापून दाखवला, कागदाची घडी घालून फटीत पाचर सरकवली, आणि घोटा कसा बाहेर जातो ते तिच्याच बोटानं सरकवायला लावलं. आई म्हणाली, "एवढंच व्हय." रात्री झोपली.

तारीख विडीवर अडलीय. सहा आठवडे पूर्ण बंद, मग ऑपरेशन. आज १९ वा दिवस. वहिनी आता समोरच्या घरी जाऊन विड्या वळतात, वास घरात नको म्हणून. मालकांनी मागांवर चार महिन्यांसाठी आमच्या चुलतभावाला घ्यायचं कबूल केलंय.

अण्णांची एकच तक्रार आहे. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागून ते दरवर्षी अनवाणी चालतात, यंदा नाही जमणार. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी चाला, मी पण येतो.

वॉकर विकत घ्यावा की भाड्यानं, कुणी सांगेल का?

ओळंबा
दोन्ही नको. माझा माळ्यावर पडून आहे, उंची कमी-जास्त होते, रबराचे बूट नवे घातलेत. व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) पत्ता टाका, रविवारी सकाळी आणून देतो. माझी जुनी लांब फिल्मही आणतो, आधीची आणि नंतरची. अण्णांना रेघ कुठून कुठे गेली ते उजेडात धरून बघता येईल.

पूर्वभाग
पत्ता टाकलाय. नाश्त्यालाच या, वहिनी शेंगा चटणी आणि भाकरी करून ठेवतील.